सीआरझेडची फाईल तपासायला शिकवताना

किनारपट्टीच्या नगरपालिकांमध्ये सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे, प्रशिक्षण म्हणजे अधिसूचना पहिल्या परिच्छेदापासून वाचून दाखवणे, असाच प्रघात आहे. दुपारनंतर वर्ग पेंगतो आणि टेबलावर परत गेल्यावर रचना सहायकाला पहिलाच प्रश्न अडतो: हा गट नंबर नेमका कुठल्या पट्ट्यात येतो? म्हणून कायदा दुसऱ्या दिवसावर ढकला. पहिला दिवस पूर्ण नकाशाला द्या.

शिकवायच्या फाईली लहान निवडा. सीआरझेड-१ (संवेदनशील आणि भरती-ओहोटीमधला पट्टा) आणि ४ (पाण्याचा भाग) मधले प्रकल्प शेवटी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, २ (शहरी) आणि ३ (ग्रामीण) मधले राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. तिथे वरती दुसरी नजर असते. पण १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतः राहायच्या घराला प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. स्थानिक संस्थेनेच अधिसूचनेच्या कसोटीवर तपासून मंजुरी द्यायची. या फाईलवरची शेवटची सही आपलीच, आणि चुकाही इथेच होतात.

पंधरा-वीसजणांची तुकडी पुरे. रचना सहायक, कनिष्ठ अभियंता यांच्या जोडीला भूमी अभिलेखचा एक भूकरमापक हवाच. दोघांना मिळून निकाली निघालेली एक जुनी फाईल द्या, नावे झाकून. मंजूर आणि नामंजूर निम्म्या-निम्म्या ठेवा, नाहीतर 'प्रशिक्षणातली फाईल म्हणजे नामंजूर' हे सगळे अर्ध्या तासात ओळखतात.

सुरुवात प्रमाणाच्या गणिताने करा. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या १:२५,००० नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. छापील रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तर नुसत्या रेघेखाली साडेबारा मीटर जागा झाकली जाते. ५० मीटरच्या पट्ट्याचा निर्णय त्यावर पट्टी ठेवून होत नाही. १:४००० वर हाच मिलिमीटर ४ मीटरचा होतो, म्हणून हद्दीवरच्या प्रकरणात अधिकृत संस्थेने भरती रेषा आखून दिलेला १:४००० नकाशा मागायचा आणि मोजणी नकाशा त्यावर चढवायचा. चढवताना विहीर, देऊळ, हद्दीचे दगड असे न हलणारे किमान चार बिंदू घ्या; दोन बिंदूंवर बसवलेला नकाशा फिरलेला असू शकतो आणि ते पडद्यावर कळत नाही. उपग्रहचित्रातली ओली वाळू म्हणजे भरती रेषा नव्हे, हे एकदा ठणकावून सांगा. चित्र ओहोटीचे की भरतीचे, हेच कुणाला ठाऊक नसते.

मग अंतर. समुद्राकडून सीआरझेड भरती रेषेपासून ५०० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत कमी असेल ते. ३० मीटर रुंदीच्या खाडीला पट्टा ३० मीटरचाच. इथे ५० लिहिणारे पुष्कळ निघतात, आणि २०११ च्या नियमातले १०० मीटर अजून डोक्यात असणारेही. अंतर सर्वांत जवळच्या बिंदूपासून सरळ मोजायचे, रस्त्याने चालत नाही. नदीच्या मुखाजवळच्या भूखंडाला समुद्र आणि खाडी अशी दोन मोजमापे घ्यावी लागतात.

ग्रामीण भागात सगळ्यात जास्त वाद ना-विकास क्षेत्रावर, म्हणजे भरती रेषेलगतच्या नवीन बांधकामबंदीच्या पट्ट्यावर, होतात, तेव्हा इथे वेळ द्या. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर सीआरझेड-३अ, नाहीतर ३ब. ३ब मध्ये समुद्राकडून २०० मीटर. ३अ मध्ये ५० मीटर खरे, पण लोकांशी रीतसर विचारविनिमय करून आराखडा मंजूर झाल्यावरच. तोवर तिथेही २०० मीटरच. 'गाव दाट आहे, ५० धरा' असा शेरा म्हणूनच टिकत नाही. आपल्या जिल्ह्याचा २०१९ प्रमाणेचा आराखडा मंजूर आहे का, हे तर फाईल उघडण्याआधीच पाहायचे. नसेल तर २०११ चीच अधिसूचना लागू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग खाडीवर न्या, ओहोटीच्या वेळी. प्रत्येक जोडीने जीपीएस घेऊन भूखंडाचे कोपरे टिपायचे आणि कांदळवन शोधायचे. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर मोकळे ठेवायचे, असे अधिसूचना सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने मात्र सर्वच कांदळवनांभोवती ५० मीटरच्या आतली बांधकामे थांबवली. महाराष्ट्रात क्षेत्रफळाची पळवाट शोधत बसू नये. खारबंदिस्ती दिसली तर थांबा: १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी (बांधातले पाण्याचे दार) असेल तर भरती रेषा तिथवरच धरतात, मात्र बांधाच्या आत उगवलेली कांदळवने तरीही संरक्षितच. बांध केव्हाचा, याचा कागद खारभूमी खात्याकडून मागवायचा. सरपंचाचा दाखला पुरत नाही.

दुपारी फाईलीतल्या लबाड्या. एकाच कुटुंबाचे २८० चौरस मीटरचे चार बंगले शेजारीशेजारी आले, तर चारही अर्ज एकत्र ठेवून वाचा. 'स्वतःचे घर' म्हणून आलेल्या नकाशात सहा खोल्या, सहा न्हाणीघरे आणि प्रत्येकीला बाहेरून दार असेल तर ते लॉज आहे. स्थानिकांच्या होमस्टेला वाव आहे, पण तो आहे त्या घरात, जोते आणि दर्शनी रूप न बदलता. ना-विकास क्षेत्रातली 'दुरुस्ती' अधिकृत घरालाच, तीही जुने जोते, जुना एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि जुनी घनता न ओलांडता. घरपट्टीची पावती म्हणजे अधिकृततेचा पुरावा नव्हे. पाडण्याआधी जोत्याचे मोजमाप आणि फोटोंसह पंचनामा झालाच पाहिजे. घर पडल्यावर जोते हटकून मोठे होते. गावठाण व कोळीवाड्यातल्या घरांना उंची ९ मीटर आणि दोनच मजले, तळमजला धरून. केवळ प्लॅनवर विसंबू नका, छेदचित्र मागा. शहरात, म्हणजे सीआरझेड-२ मध्ये, जुन्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला कुणी नवा रस्ता काढला, तरी त्याच्या आधाराने परवानगी मिळत नाही.

शेवटचा अर्धा दिवस फक्त लिहिण्याचा. 'सीआरझेडमुळे नाकारण्यात येत आहे' असा शेरा अपिलात पडतो. टिपणीत गट नंबर, आराखड्याच्या शीटचा क्रमांक, वर्गवारी, जवळच्या बिंदूपासूनचे अंतर, लागू परिच्छेद आणि निष्कर्ष हवा. उदाहरणार्थ: 'प्रस्तावित जोत्याचा नैर्ऋत्य कोपरा भरती रेषेपासून १८४ मीटरवर, वर्गवारी ३ब, ना-विकास क्षेत्रात, नवीन बांधकाम अनुज्ञेय नाही.' त्रुटी पहिल्या आठवड्यातच आणि एकाच पत्रात कळवायला शिकवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ६० दिवस उत्तर गेले नाही तर मानीव परवानगीचा, म्हणजे परवानगी मिळालीच असे धरण्याचा, दावा उभा राहतो.

परीक्षा घ्यायचीच असेल तर प्रत्येकाला एक न पाहिलेली फाईल आणि नव्वद मिनिटे द्या. अधिसूचना, नकाशे सगळे उघडे ठेवू द्या. अंतर चुकले तर बाकीचे गुण मोजू नका.