वर्ष वाचवायच्या नादात: बालवाडी आणि पहिलीच्या प्रवेशातल्या या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की माझ्या बालवाडीच्या दारात तोच प्रश्न येतो. "बाई, ह्याला यंदा पहिलीला बसवता येईल ना? न्हाईतर वर्ष वाया जाईल की." साताऱ्यात बावीस वर्षं हे काम करते आहे. प्रश्न विचारणारे बदलले, प्रश्न तोच राहिला. चुकाही त्याच, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी नियम. आपल्या राज्यात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची ३ वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, ४ झाली तर लहान गट, ५ झाली तर मोठा गट आणि ६ झाली तर पहिली. पूर्वी ही तारीख ३० सप्टेंबर होती, २०२० साली ती ३१ डिसेंबर झाली.

तारखेत बसतंय म्हणून बसवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होतात, याचा अर्थ मुलाला त्या वर्षी पहिलीत घेता येतं. घेतलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. शाळा भरते जूनच्या मध्याला. डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल त्या दिवशी साडेपाच वर्षांचंही नसतं. त्याच्या शेजारी बसतं त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेलं, अकरा-बारा महिन्यांनी मोठं मूल. मोठ्या माणसांत अकरा महिने म्हणजे काहीच नाहीत. पण साडेपाच वर्षांच्या मुलाच्या तोवरच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, जन्म २७ डिसेंबरचा. वडील साखर कारखान्यात, आई घरी. पोरगं चुणचुणीत. शंभरपर्यंत अंक लिहायचा, इंग्रजी कविता हातवारे करून म्हणायचा, चार पाहुण्यांसमोर लाजायचा नाही. मी वडिलांना सांगितलं, "मोठ्या गटात अजून एक वर्ष राहू दे." त्यांनी मोबाईलवर नियम दाखवला. "बाई, सरकारच घ्या म्हणतंय, तुम्ही कशाला अडवता?" मुलगा जूनमध्ये एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीला गेला.

दिवाळीनंतर आई भेटायला आली तेव्हा मला सगळं कळलं. पोराच्या पोटात रोज सकाळी साडेसातला दुखायचं, रविवारी नाही. पँटचं बटण स्वतःला काढता येत नाही, सांगायची भीती वाटते, म्हणून तो शाळा सुटेपर्यंत लघवी दाबून धरायचा. तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. फळ्यावरून चार ओळी उतरवून घ्यायच्या, तर त्याची एक व्हायची तोवर फळा पुसला जायचा. वहीत लाल शेरा: लक्ष नाही. मग त्या 'लक्ष नाही'वर उपाय म्हणून संध्याकाळी दोन तास शिकवणी लावली. जानेवारीत त्यानं वर्गात बोलणंच सोडलं.

मुलात दोष काहीच नव्हता. तो साडेपाच वर्षांच्या मुलासारखा वागत होता. त्या वयात मनगटातली सगळी हाडंसुद्धा तयार झालेली नसतात. चौकोन बघून काढणं साधारण साडेचार-पाचला जमतं, त्रिकोण त्यानंतर. ज्याच्या हाताला त्रिकोणाची तिरकी रेघ जेमतेम जमते आहे, त्याच्याकडून आपण पानभर लेखन मागत होतो. अंक पाठ असणं वेगळं आणि पाच तास बाकावर बसून दुसऱ्याच्या वेगानं काम करणं वेगळं. हे दुसरं कुठल्याही शिकवणीनं लवकर येत नाही.

आईनं विचारलं, "आता परत मोठ्या गटात घेता का?" इथंच खरी अडचण आहे आणि पालकांना ती आधी कोणी सांगत नाही. बालवाडीत एक वर्ष जास्त काढलं तर कुठं काही बिघडत नाही. पण एकदा पहिलीच्या पटावर नाव चढलं, सरकारी पोर्टलवर नोंद झाली, की मागं यायला वाट नसते. पहिलीत कोणी नापास करत नाही. मूल जमो न जमो, पुढं सरकत राहतं. तो मुलगा तसाच सरकत गेला. वाचन त्याला तिसरीत सापडलं. वाचवलेलं एक वर्ष त्यानं दोन वर्षं रडून फेडलं.

म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरचा जन्म असेल तर माझं मत ठरलेलं आहे: एक वर्ष थांबा. जुलै ते सप्टेंबरचा असेल तर मूल बघून ठरवा. आणि उलट टोकही नको. पहिला नंबर यावा म्हणून सहा कधीच पूर्ण झालेलं, खेळून कंटाळलेलं मूल घरी अडवून ठेवणं हाही त्याच्यावर अन्यायच.

तयारी म्हणजे एबीसीडी असं समजणं

प्रवेशाआधी मी मुलाला तीन सकाळी बोलावते आणि काहीही विचारत नाही. पुढ्यात चिंचोके, मळलेली कणीक आणि दोन वाट्या ठेवते. चिंचोके चिमटीत धरून वाटीत टाकतो का? कणीक दोन्ही हातांनी दाबतो का? "वाटी कोपऱ्यात ठेव आणि येताना पाण्याचा तांब्या आण," म्हटलं तर दोन्ही गोष्टी लक्षात राहतात का? दुसऱ्यानं वाटी ओढली तर चावतो, रडतो की माझ्याकडं येऊन सांगतो? डबा स्वतः उघडतो का, 'शू लागली' असं अनोळखी बाईला सांगतो का, चड्डी स्वतः वर ओढतो का? आई फाटकाबाहेर गेल्यावर किती वेळात सावरतो? मला यातूनच कळतं.

घरी काय करून घ्यायचं, असं विचारलंत तर पेन्सिल बाजूला ठेवा. शेंगा फोडायला द्या, लसूण सोलायला बसवा, ओला रुमाल पिळायला लावा, अंगणात खडूनं मोठ्ठे गोल काढू द्या. रोज रात्री एक गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून 'मग काय झालं असेल?' विचारा. ठिपके जोडायची पुस्तकं आणून अडीच वर्षांच्या बोटात पेन्सिल कोंबणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगते: त्या वयात चुकीची पकड बसली की ती सोडवायला मला वर्ष लागतं.

तारीखच बदलून घेणं

मागं एक वडील आले होते. मुलीचा जन्म ४ जानेवारीचा, चार दिवसांनी संधी हुकलेली. "बाई, तुमच्या रजिस्टरला ३० डिसेंबर लिवा, मी प्रतिज्ञापत्र करून आणतो." मी नाही म्हटलं, त्यांचा आवाज चढला. सोबत आजोबा होते, एसटीतून निवृत्त झालेले. इतका वेळ गप्प होते, ते मुलाला म्हणाले, "आरं, माझी एक जून ठाऊक हाय न्हवं तुला?"

आपल्याकडच्या जुन्या पिढीत घराघरांत एक जूनला जन्मलेली माणसं सापडतात. जन्माची नोंद नसायची, मग गुरुजी शाळेत घालताना अंदाजानं वय धरून १ जून लिहून टाकायचे. या आजोबांना गुरुजींनी दीड वर्षानं मोठं केलं होतं. कागदावर ५८ भरली तेव्हा खऱ्या वयाची साडेछप्पन्नही पुरी नव्हती. घरात मुलीचं लग्न ठरलेलं आणि दीड वर्षाचा पगार गेलेला. ते एवढंच बोलले आणि नातीचा हात धरून बाहेर गेले. ती मुलगी पुढच्या जूनला पहिलीत गेली.

गुरुजींपुढं निदान कागदच नव्हता, आज तो आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. आपल्या जिल्ह्यात फौजेत जायचं स्वप्न घराघरांत आहे. भरतीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि जन्मदाखल्यावर दुसरी निघाली, तर पळण्यात पहिला आलेला पोरगाही कागदावर अडकतो.

छोट्या, पण दरवर्षीच्या

जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं, जूनमध्ये धावपळ होते. जन्माच्या नोंदणीपासून वर्षभरात नाव फुकट घालता येतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, म्हणजे सासर कराड आणि जन्म मिरजेत, तर नोंद मिरजेतच शोधा.

फौजी घरांनी हे नीट वाचा. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल इथल्या शाळेत पहिलीत बसतं, त्याच वर्षी केंद्रीय विद्यालयात बसत नाही. बदलीचा अंदाज असेल तर आधीच हिशेब करा.

प्रवेशासाठी शाळा पहिलीच्या मुलाची किंवा तुमची मुलाखत घेत असेल तर घाबरून उत्तरं पाठ करून घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानं अशी चाळणी लावायला मनाई आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे.

'लक्ष देत नाही' असा शेरा आला की आधी कान तपासा, मग डोळे. सर्दीनं कान भरलेली मुलं मी कितीतरी पाहिली आहेत.

"मस्ती केलीस तर बाई मारतील" हे वाक्य घरात बंद करा. तुम्ही दिलेली ती भीती मला जूनभर काढत बसावं लागते.

मूल खेळात रमलं की गुपचूप पळून जाऊ नका. सांगून जा, रडलं तरी सांगून जा. दहा मिनिटं रडतं आणि थांबतं. न सांगता गेलेल्या आईचं मूल आठवडाभर फाटकाकडं बघत बसतं, चिंचोक्यांना हात लावत नाही.