वैमानिक-अभियंत्याचा जीवनपट कसा लिहावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या घरात कर्ता माणूस गेला की पहिला मजकूर लिहिला जातो तो वर्तमानपत्रासाठी: नाव, वय, गल्ली, पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आणि रक्षाविसर्जनाची वेळ. त्या घाईत याहून अधिक सुचत नाही, आणि सुचावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. वर्षश्राद्धापर्यंत मात्र पुरेसा अवधी असतो. गेलेली व्यक्ती अभियंता होती, विमानही चालवीत होती आणि घरात जीव गुंतलेली होती, तर ‘मनमिळाऊ’ व ‘कुटुंबवत्सल’ ही दोन विशेषणे प्रथम बाजूला ठेवावीत आणि दोन वह्या शोधून काढाव्यात. त्यांतील एक म्हणजे त्यांची उड्डाणांची नोंदवही, अर्थात लॉगबुक, आणि दुसरी म्हणजे घरातील जमाखर्चाची वही.

लॉगबुकमध्ये प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, मार्ग, मुख्य वैमानिक कोण व सहवैमानिक कोण, दिवसाचे तास किती व रात्रीचे किती, असे रकाने असतात. पानाच्या तळाशी आधीच्या बेरजेसह एकूण तास दिलेले असतात, म्हणून सारी वही पुन्हा मोजत बसण्याची गरज नाही. शेवटचे लिहिलेले पान पाहावे. मात्र मुख्य वैमानिक म्हणून केलेले तास आणि प्रशिक्षकासोबतचे तास सरमिसळ करून एकच आकडा छापू नये, कारण जाणकार वाचकाच्या नजरेला ती चूक आधी दिसते. नागरी वाहतुकीत उड्डाणाचा वेळ चाके जमिनीवरून सुटल्यापासून नव्हे, तर विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून ते अखेर थांबेपर्यंत धरतात, हेही ध्यानात असावे.

तारखांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. वैमानिकांच्या नोंदी पुष्कळदा जागतिक समन्वित वेळेनुसार असतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे १४ तारखेला पहाटे ३ वाजता मुंबईहून निघालेले विमान नोंदवहीत १३ तारखेला रात्री ९.३० वाजता निघालेले दिसते. हे न ओळखता लिहिल्यास मुलीच्या बारशाला ते गावात होते की आकाशात, यावरून भावंडांत विनाकारण वाद होतात.

यानंतर एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे लॉगबुकमधील तारीख लिहावी आणि उजवीकडे त्याच दिवशी घरात काय चालले होते ते लिहावे. आमच्या काकांचे लिहिताना या कागदाचा जितका उपयोग झाला, तितका मित्रांच्या आठवणींचाही झाला नाही. एका दिवाळीत सलग चार दिवस त्यांची उड्डाणे होती. काकूंच्या वहीत त्या तारखांना तेल, रवा, आकाशकंदील आणि ‘तार’ असा खर्च होता, आणि आठवड्याभराने पुन्हा रवा, तूप, साखर लिहिली होती. विचारल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, “अहो आले ना, मग परत केली दिवाळी.” लाडू दोनदा वळले गेले, हे एक वाक्य आम्ही जीवनपटात घेतले आणि ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द खोडला.

घरातील मंडळींना विचारताना “ते कसे होते?” असा प्रश्न विचारू नये, त्याला “फार चांगले” याखेरीज उत्तर मिळत नाही. सुट्टीवर आल्यावर ते सांबऱ्याच्या विमानतळावरून यायचे की बेळगाव स्टेशनवरून, कोण आणायला जायचे, आल्यावर बिघडलेली कोणती वस्तू प्रथम उघडून बसायचे, ते बाहेर असताना मुलांचा ताप कोणी काढला, हे विचारावे. पत्नीने एकटीने सांभाळलेल्या दिवसांना जीवनपटात जागा नसेल, तर तो अर्धाच लिहिला गेला असे मी मानतो.

अभियंता म्हणून केलेल्या कामाविषयी आपल्याकडे अतिशयोक्ती चटकन होते. घटप्रभेवरील हिडकल धरण कोणा एकाने बांधले नाही. आपल्या माणसाने दरवाजांचे काम पाहिले, कालव्याची मोजणी केली की नकाशे तपासले, तेवढेच लिहावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात ते असतील, तर ओतकामाकडे होते की यंत्रकामाकडे, हे तेथील जुन्या कामगाराकडून समजून घ्यावे. विमानाच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो, कारण हवाई दलात नोकरी केलेला प्रत्येक जण गावाच्या लेखी ‘विमान चालवणारा’ असतो. विमानाची तपासणी करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करणारा देखभाल अभियंता, बोइंग ७०७ सारख्या विमानात वैमानिकांच्या मागे बसून इंजिनांवर लक्ष ठेवणारा उड्डाण अभियंता आणि वैमानिक ही तीन निरनिराळी कामे आहेत. परवाना पाहूनच शब्द निवडावा. विमानाच्या प्रकाराला एका वाक्याची ओळखही द्यावी. उदाहरणार्थ, प्रशिक्षणाच्या पानांवर ‘एचटी-२’ आढळले, तर हे विमान बंगळूरला डॉ. वि. मा. घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली रचले गेले आणि १९५१ साली प्रथम उडाले, हे नातवंडांना सांगण्यासारखे आहे.

सीमाभागातील माणसाचे जन्मस्थान लिहिताना काळ पाहावा. १९३८ साली बेळगावजवळच्या येळ्ळूरला जन्मलेला मनुष्य मुंबई इलाख्यात जन्मला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे गाव म्हैसूर राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला, त्यामुळे सख्ख्या मामाचे गाव पुढे दुसऱ्या राज्यात दिसू शकते. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे. जुन्या दाखल्यावरील नाव बदलू नये, जसे असेल तसे उतरवावे.

छायाचित्रांत विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी भारतीय नोंदणीची अक्षरे दिसली, तर ती लॉगबुकशी ताडून तारीख काढता येते. ही तारीख छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावी. पावसाळ्यात खानापूरकडे कागद लवकर ओलावा धरतो, म्हणून वही कोरड्या कपाटात आडवी ठेवावी. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही.

मसुदा सहाशे शब्दांच्या आसपास असावा, म्हणजे वर्षश्राद्धाला जमलेल्यांपुढे पाच-सहा मिनिटांत वाचून होतो. त्याआधी तो घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावा आणि ती जिथे “असं नव्हतं रे” म्हणेल तिथे थांबून खूण करावी. नोकरीतील सोबती बहुधा कन्नड बोलणारे असतात, आणि घरातील धाकट्यांनाही शाळेमुळे कन्नड वाचता येते. त्यांच्याकडूनच एक कन्नड प्रत करून घ्यावी व ती त्या सोबत्यांना पोस्टाने पाठवावी. आमच्या काकांच्या एका सहकाऱ्याने ती वाचून उलट टपाली विमानाचा चुकलेला नोंदणी क्रमांक कळवला होता.