"मॅडम, तारीख वाढवून मिळेल का?" त्यामागचं ऐकायचं कसं

हे कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी आहे. मी वडोदऱ्यात बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. समुपदेशक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पण मुलं आधी डॉक्टरकडे जात नाहीत. ती आपल्याकडे येतात, आणि तीही "मॅडम, असाइनमेंटची तारीख वाढवून मिळेल का?" एवढंच विचारायला. त्या तारखेच्या मागे काही आहे का ते हेरायचं, सरळ विचारायचं आणि गरज असेल तर योग्य माणसाच्या दारापर्यंत सोबत जायचं, एवढं आपलं काम. बरेच शिक्षक यातलं पहिलंही करत नाहीत आणि काही उत्साही मंडळी तिन्ही करून वर उपचारही सुरू करतात.

हजेरीपट नीट वाचा

मुलाची तुलना वर्गाच्या सरासरीशी करू नका, त्याची तुलना त्याच्याशीच करा. जात्याच अबोल असलेला मुलगा गप्प आहे, यात काही नाही. पण कायम कुणाची तरी फिरकी घेणारा मागच्या बाकावरचा पोरगा गप्प झाला, नीटनेटक्या वहीवाल्या मुलीचं अक्षर अचानक कोसळलं, रोज साडेसातच्या तासाला येणारा दहाला येऊ लागला, डबा तसाच परत जातो असं मैत्रीण बोलता बोलता सांगून गेली, तर तिथे थांबा. डॉक्टर नैराश्याची प्राथमिक चाचपणी करायला नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-9 नावाची. तिच्यातले सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात: झोप, भूक, थकवा, कशात मन लागणं न लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं. आपण गुण मोजत बसायचं नाही, ते आपलं काम नव्हे. दोन आठवड्यांचा हिशेब मात्र ध्यानात ठेवावा. एक दिवसाचं तोंड पाडणं वेगळं, पंधरा दिवसांचं वेगळं.

आपल्या गावाचं कॅलेंडरही धरायला हवं. नवरात्रात सकाळचा पहिला तास ओस पडतो. रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून आलेल्या पोरांच्या डोळ्यांवरून काहीच कळत नाही, शोधूही नका. दसरा होऊन आठवडा उलटला, बाकीचे रुळावर आले आणि एकाचे डोळे अजून तसेच आहेत, तेव्हा बघायचं. याच्या उलटही होतं. दरवर्षी महिनाभर आधी चनियाचोळीची चर्चा करणारी मुलगी यंदा एकही रात्र गेली नाही आणि कारण विचारलं तर "असंच, मूड नव्हता" म्हणाली, तर मी ते कमी हजेरीपेक्षा जास्त गंभीर धरते.

आणखी एक गोष्ट, जी इथे नव्याने आलेल्या प्राध्यापकांच्या ध्यानात येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी आहे. गुजराती माध्यमातून, क्वचित मराठी माध्यमातून आलेलं मूल पहिल्या सेमिस्टरला तोंड उघडत नाही, प्रेझेंटेशनच्या दिवशी गैरहजर राहतं, घाम फुटतो. हे दरवेळी मनाचं दुखणं नसतं. अनेकदा ते निव्वळ भाषेचं असतं आणि त्यावर उपाय म्हणजे प्रश्न गुजरातीत विचारायची मुभा आणि जरा हळू शिकवणं. आधी हे करून बघा. त्याने मूल खुललं तर ठीक. नाही खुललं आणि ते दुसऱ्या सेमिस्टरला स्वतःला "ढ" म्हणवून घेऊ लागलं, तर पुढचं वाचा.

बसायचं कुठे

स्टाफरूममध्ये नाही. तिथे सहा टेबलं, बारा कान आणि एक चहावाला असतो. बंद केबिनमध्येही नाही, विशेषतः पुरुष शिक्षक आणि विद्यार्थिनी असतील तर. लोकांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी जागा हवी: कॉरिडॉरच्या टोकाचा बाक, ग्रंथालयाबाहेरची पायरी, आवारातल्या झाडाखालचा कट्टा. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. मुलांना डोळ्यांत बघून बोलायला जड जातं. समोरच्या स्कूटर-पार्किंगकडे बघत ती बरंच सांगून टाकतात. घंटेला पाच मिनिटं असताना विषय काढायचा नाही. आणि फोन पर्समध्ये. उलटा टेबलावर ठेवलेला फोनही कुरकुरतोच.

बोलायचं काय

"केम छे?" विचारलंत तर "मजामां" येणार, हे ठरलेलं. मराठी पोरांना विचारा, "ठीक आहे मॅडम" येईल. म्हणून ज्याचं उत्तर ठोस द्यावं लागेल असं विचारा. काल रात्री किती वाजता झोपलास? सकाळपासून काय खाल्लंस? शनिवारी-रविवारी काय केलंस? हे प्रश्न साधे वाटतात, पण "रात्री चार" आणि "काही नाही" ही दोन उत्तरं लागोपाठ आली की पुढची वाट आपोआप सापडते. मग जे पाहिलंय ते सांगा, निष्कर्ष सांगू नका. "तू डिप्रेशनमध्ये दिसतोस" हा निष्कर्ष झाला. "तू आधी पुढे बसायचास, गेले तीन आठवडे दाराजवळ बसतोस, आणि इंटर्नलचा पेपर अर्धा कोरा होता, म्हणून विचारतेय" हे पाहिलेलं झालं.

प्रतापनगरच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलाशी झालेलं बोलणं देते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यानंतरचे दिवस.

"पुस्तकं भिजली मॅडम, म्हणून परीक्षा नको वाटतेय."

"पुस्तकं ग्रंथालयातून मिळतील. आणखी काय भिजलं?"

बराच वेळ काही नाही. मीही काही बोलले नाही. हे गप्प बसणं शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं, कारण आपली जातच बडबडी. मग म्हणाला, "पप्पांच्या दुकानातला सगळा माल." आणि थोड्या वेळाने, "रात्री पाऊस सुरू झाला की मी उठून पायऱ्या बघतो. पाणी चढलंय का ते."

"किती वेळा उठतोस?"

"झोपतच नाही म्हणा ना."

पुस्तकांवर थांबलो असतो तर झोपेपर्यंत पोचलोच नसतो. फीचे हप्ते करून घेणं हे पुढे ऑफिसात जाऊन करता आलं. झोपेसाठी त्याला डॉक्टरकडे जायला राजी करणं हे त्या बाकावरच झालं.

काय बोलू नये, तेही सांगते. "आमच्या वेळी" ने सुरू होणारं कोणतंही वाक्य. "पॉझिटिव्ह विचार कर." "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ." "योगा कर" हे पहिल्याच भेटीत. व्यायाम, चालणं, वेळेवर झोप यांचा उपयोग नक्की होतो, कमाटीबागेत सकाळी फेरी मारणारं मूल न मारणाऱ्यापेक्षा बरं झोपतं, पण दुखणं ऐकून घेण्याआधी दिलेला सल्ला म्हणजे "आता ऊठ" असंच त्याला ऐकू येतं. आणि "कुणालाही सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. म्हणा, "हे मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ज्याला सांगायला हवं त्याला सांगेन, आणि आधी तुला सांगून सांगेन."

अवघड प्रश्न

बोलण्यात "मी नसले तरी काय फरक पडतो", "सगळ्यांना माझा त्रास होतो", "आता सुटका हवी" असं काही आलं, किंवा मूल आपल्या आवडत्या वस्तू वाटायला लागलं, की आडून विचारू नका. नेमक्या शब्दांत विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे आणि ती चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं, कारण तो शब्द एकट्याने वागवून ती थकलेली असतात. तुमचा आवाज मात्र हजेरी घेतानासारखा साधा हवा.

उत्तर "हो" आलं तर पुढचं विचारा: कसं, कधी, काही ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का. ठरलेलं असेल तर त्या क्षणापासून मुलाला एकटं सोडायचं नाही, प्रसाधनगृहापर्यंतही सोबत कुणीतरी. पुढचा तास रद्द. एक सहकारी बोलावून घ्या. घरी फोन, आणि तिथूनच 108 ला फोन किंवा रिक्षा करून थेट सयाजी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात. "उद्या बघू" हा पर्याय नाही. खोलीतलं धोक्याचं सामान काढून घ्यायला हॉस्टेलच्या वॉर्डनला किंवा रूममेटला सांगा.

घरची माणसं इथे पोलिसांना घाबरतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 115 असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, उलट तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. हे वाक्य मी एका आईला तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून दोनदा वाचून दाखवलंय. "म्हणजे केस नाही ना होणार ताई?" एवढंच तिला हवं होतं.

न्यायचं कुठे

तातडी नसेल तर सर्वांत सोपी पायरी टेलि-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची. नंबर 14416, फुकट, चोवीस तास, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. भाषा निवडता येते, गुजराती आहे, मराठीही आहे. नंबर लिहून देऊन मोकळं होऊ नका. "लाव आत्ता, मी इथेच बसते" म्हणा आणि चार पावलं लांब जाऊन उभ्या राहा. पहिला फोन लागला की दुसरा ती आपला आपण करतात.

प्रत्यक्ष भेटीसाठी सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. पहिल्या खेपेला सोबत कुणीतरी जावंच. मुलं आजाराला भितात त्याहून जास्त केस पेपरच्या रांगेला भितात: ओळखीचं कुणी भेटलं तर? सकाळी लवकर गेलं की हा प्रश्न निम्मा सुटतो. समुपदेशक बोलतो, औषध लिहीत नाही, मानसोपचारतज्ज्ञ एम.डी. डॉक्टर असतो, तो गरज असेल तर लिहितो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून आणि महिन्याने "आता बरं वाटतंय" म्हणून, दोन्ही वेळा मुलं गोळ्या सोडतात. दोन्ही वेळा डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायच्या नसतात, एवढं आपण सांगू शकतो.

कॉलेजात समुपदेशक नसेल तर प्राचार्यांना आठवण करून द्या: जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलं आहे. दरवर्षी 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सेमिनार हॉलमध्ये रांगोळी, पोस्टर स्पर्धा आणि एक प्रेरणादायी वक्ता, यावर होणाऱ्या खर्चात समुपदेशकाचे निदान काही तास तरी येतील असं मला वाटतं. वक्ता गेल्यावर मुलं ढोकळा खाऊन घरी जातात.

आणि आपण

शिक्षकांचं कुणी विचारत नाही. हंगामी तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक दर सत्राला नेमणूक होईल की नाही या काळजीत असतो, आणि त्यालाच मेंटॉर म्हणून साठ मुलं दिलेली असतात. वर पेपरांचे गठ्ठे, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली. तेव्हा काही गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवून टाका. रात्री नऊनंतर फोन नाही, आणि त्या वेळेसाठी 14416 आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. एका मुलाचा सगळा भार एकाच शिक्षकावर नको, दुसऱ्या कुणालातरी माहीत असावं, मुलाला विचारून. जड बोलणं झाल्यावर लगेच वर्गात जाऊन मानक विचलन शिकवता येत नाही. दहा मिनिटं आवारात चालून या. आणि महिनाभर स्वतःची झोप उडाली असेल, घरी सारखी चिडचिड होत असेल, तर तोच नंबर आपल्यालाही आहे. तिथे ओळखपत्र मागत नाहीत.

मूल परत आल्यावर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वर्गात "अरे वा, आलास!" म्हणून टाळ्या वाजवू नका. हजेरी घेताना नाव नेहमीसारखंच पुकारा. शेजारच्या बाकावरच्या एकाला आधी सांगून ठेवा की नोट्स दे आणि प्रश्न विचारू नकोस. बुडालेल्या इंटर्नलसाठी अर्ज लागतो, आणि अर्जाला वैद्यकीय दाखला. मुलं इथे अडतात कारण दाखल्यावर आजाराचं नाव येईल ही भीती. "उपचार सुरू आहेत, अमुक दिवस विश्रांतीची गरज होती" एवढंच लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगता येतं. तपशील गुप्त ठेवून घेण्याचा रुग्णाचा हक्क त्याच 2017 च्या कायद्यात आहे. अर्ज क्लार्कच्या खिडकीत मुलाने एकट्याने नेऊ नये. तिथे "शुं थयुं हतुं?" असं मोठ्याने विचारलं जातं आणि मागे रांग असते. आपण स्वतः नेऊन द्यावा, पोच घ्यावी, आणि पुनर्परीक्षेची तारीख मुलाला त्याच दिवशी कळवावी.