'पोहोचेल' म्हणजे 'विल रीच' नव्हे: इंग्रजीत अंदाज बांधताना या चुका टाळा

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला चिंचवडच्या एका छोट्या वर्कशॉपमधला मुलगा येतो. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलेली एक मेल त्याने मला दाखवली. मनातलं मराठी वाक्य होतं, 'माल गुरुवारपर्यंत पोहोचेल.' मेलमध्ये ते उतरलं असं: 'द मटीरियल विल रीच बाय थर्सडे.' ('रीच'च्या पुढे 'यू' हवं होतं, पण ते सध्या सोडा.) समोरच्याने गुरुवारी सकाळी माल उतरवायला क्रेन सांगून ठेवली. माल पोहोचला शनिवारी. मग क्रेनचं भाडं कोणाच्या माथी, यावरून मेलामेली सुरू झाली.

"पण मॅडम, नक्की येणार असं मी कुठे म्हटलं? मी तर 'पोहोचेल' म्हटलं होतं!"

त्याचं बरोबरच होतं. फक्त मराठीत.

आपल्याकडे 'गाडी सातला येणार' आणि 'गाडी सातला येईल' यांत फरक आहे, आणि तो कोणी शिकवावा लागत नाही. 'येणार' म्हणजे ठरलेलं. 'येईल' म्हणजे आपला अंदाज. 'येईल हो, बसा जरा' असं म्हणणाऱ्यावर गाडी उशिरा आली म्हणून कोणी दावा लावत नाही. पण शाळेत दोन्हींसाठी एकच शब्द मिळाला, 'विल'. 'येईल'मध्ये जी शंका आतच मुरलेली असते, ती 'विल' लिहिताना गळून पडते. माल पाठवणाऱ्याने नुसतं 'विल' लिहिलं की वाचणारा ते वचन म्हणून घेतो. शंका ठेवायची असेल तर ती वेगळी लिहावी लागते: 'विल प्रॉबेब्ली रीच यू', 'शुड रीच यू', 'माइट रीच यू'.

म्हणून माझा वर्गातला पहिला नियम असा: इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मराठी वाक्य 'णार' लावून म्हणून बघा. जीभ अडखळली, तर 'विल' एकटं सोडू नका.

'शकतो' म्हणजे दर वेळी 'कॅन' नाही

सगळ्यात जास्त लाल शाई मी इथे खर्च करते. 'उद्या पाऊस पडू शकतो' याचं 'इट कॅन रेन टुमॉरो' होतं. चूक. 'शकणे' हे आपलं क्रियापद दोन कामं करतं. 'तो पोहू शकतो' यात अंगातली क्षमता आहे, 'पाऊस पडू शकतो' यात शक्यता. उद्याच्या, एका ठरावीक घटनेच्या शक्यतेसाठी इंग्रजीत 'कॅन' चालत नाही. तिथे 'मे', 'माइट' किंवा 'कुड' लागतं. 'इट माइट रेन टुमॉरो', 'इट कुड रेन टुमॉरो', दोन्ही ठीक.

मग 'कॅन' शक्यतेसाठी कधीच नाही का? आहे, पण स्वभाव सांगताना. 'पुण्यात मे महिन्यात गारा पडू शकतात', म्हणजे असं अधूनमधून घडतं. तिथे 'इट कॅन हेल इन पुणे इन मे' अगदी बरोबर. उद्या दुपारी गारा पडतील का, हा प्रश्न आला की 'कॅन'ने बाजूला व्हायचं.

नकार आला की गंमत आणखी वाढते. 'कुड' आणि 'माइट' होकारात जवळपास सारखे, म्हणून मुलं नकारातही अदलाबदल करतात. 'ही माइट नॉट कम' म्हणजे 'तो कदाचित येणार नाही'. 'ही कुड नॉट कम' म्हणजे 'तो येऊ शकला नाही'. पहिल्यात अजून आशा आहे, दुसऱ्यात कार्यक्रम उरकून मांडव उतरलाय.

'मे नॉट' लिहिताना दोनदा वाचा

एका ऑफिसातल्या सूचनेत वाक्य होतं: 'स्टाफ मे नॉट गेट लीव्ह ऑन फ्रायडे.' लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की काम जास्त आहे, सुट्टी कदाचित मिळणार नाही. निम्म्या लोकांनी ते 'सुट्टी मिळणार नाही, विषय संपला' असं वाचलं आणि गावी जायची तिकिटं रद्द केली. 'मे'ला परवानगीचा अर्थ आहे, त्यामुळे 'मे नॉट' म्हणजे 'कदाचित नाही' आणि 'मनाई आहे' असं दोन्ही होतं. अंदाजच सांगायचा असेल तर 'माइट नॉट' लिहा, भानगड मिटते.

आयटीवाल्यांनी तर जास्तच जपावं. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत 'मस्ट', 'शुड', 'मे' हे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे, ते 1997च्या आरएफसी 2119 या दस्तऐवजाने ठरवून दिलंय. तिथे 'मे' म्हणजे ऐच्छिक: केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. त्या सवयीच्या माणसाला 'द सर्व्हर मे रीस्टार्ट' हे वाक्य धोक्याची सूचना वाटत नाही, मुभा वाटते.

प्रश्नातही हाच घोळ. 'मे इट रेन टुडे?' असं कोणी विचारत नाही. 'इज इट लाइकली टू रेन?' किंवा सरळ 'डू यू थिंक इट विल रेन?' असं विचारा. आणि प्रश्नचिन्ह काढून 'मे इट रेन!' म्हणालात तर ती प्रार्थना होते: पाऊस पडो!

'शुड'ची भीती, 'मस्ट'चा सोस

'शुड' म्हणजे 'पाहिजे', एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. त्यामुळे 'द पार्सल शुड अराइव्ह बाय फ्रायडे' वाचून काहींना वाटतं, पार्सलला दम भरलाय. पण आपणही म्हणतोच की, 'एव्हाना गाडी यायला हवी होती' किंवा 'शुक्रवारपर्यंत यायला हरकत नाही'. हिशेब जुळला तर होईल, असा भरवशाचा अंदाज. व्यवहारातल्या मेलसाठी मला हा शब्द सगळ्यांत कामाचा वाटतो.

एक अट मात्र आहे. 'शुड'मध्ये 'व्हावं' अशी इच्छाही डोकावते. म्हणून वाईट गोष्टीच्या अंदाजाला तो वापरू नका. 'युअर फादर शुड फील सम पेन आफ्टर द ऑपरेशन' असं लिहिलंत, तर दुखायलाच पाहिजे, असा सूर लागतो. तिथे 'माइट' किंवा 'विल प्रॉबेब्ली'.

'मस्ट'चं उलट. खात्री दाखवायला लोक 'इट मस्ट रेन टुमॉरो' लिहितात. 'ही मस्ट बी अॅट होम' म्हणजे 'तो घरीच असणार', हे बरोबर, कारण तो आत्ताचा तर्क आहे. पुढच्या घटनेला 'मस्ट' लावलं की हुकूम होतो: पाऊस पडलाच पाहिजे. खात्रीच सांगायची तर 'इट इज बाउंड टू रेन' म्हणा.

'वुड'बद्दल थोडक्यात. 'द मीटिंग वुड बी हेल्ड टुमॉरो' ही आपल्याकडच्या नोटिसांची लाडकी चूक. 'वुड' जास्त नम्र वाटतं म्हणून वापरतात, पण वाचणारा 'जर काय झालं तर?' असा अर्धा राहिलेला प्रश्न घेऊन बसतो. मीटिंग ठरली असेल तर 'विल'.

दोन शब्द, एक शब्द

'मे बी' आणि 'मेबी'. जोडून लिहिलेला 'मेबी' म्हणजे 'कदाचित', तो वाक्याच्या सुरुवातीला येतो: 'मेबी ही विल कम.' तोडून लिहिलेलं 'मे बी' हे क्रियापद: 'ही मे बी लेट.' 'ही मेबी लेट' किंवा 'ही मे बी कम' ही खिचडी रोज दिसते. तशीच 'ही विल मे कम'. 'बहुतेक येऊ शकेल' असं आपण सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीतही दोन शब्द रचावेसे वाटतात. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल, म्हणजे 'विल', 'मे', 'कॅन' यांसारखी साहाय्यक क्रियापदं, शेजारी बसत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत 'माइट कुड' म्हणणारी माणसं आहेत, पण परीक्षेत तो दाखला उपयोगी पडणार नाही. 'मे कॅन'च्या जागी 'मे बी एबल टू' लिहा.

टक्केवारीच्या तक्त्यांवर विसंबू नका

'मे' म्हणजे 50 टक्के, 'माइट' म्हणजे 30, असे तक्ते गाइडांमध्ये असतात. पाठ करू नका. 'माइट'मध्ये शंका किंचित जास्त असं काहींना वाटतं खरं, पण रोजच्या बोलण्यात हा फरक फारसा उरलेला नाही. 'मे' थोडा औपचारिक, एवढंच.

शब्दांना आकडे चिकटवणं किती अवघड, याचा एक दाखला 1951चा आहे. सोव्हिएत गट युगोस्लाव्हियावर हल्ला करील का, यावर अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी 'सीरियस पॉसिबिलिटी' असं लिहिलं. त्यांच्यातल्या शर्मन केंट यांच्या मनात शक्यता 65ला 35 होती. नंतर त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तर कोणी 80 टक्के म्हणत होतं, कोणी 20. सही सगळ्यांची एकाच वाक्याखाली! आकडा हवाच असेल तर तो आधी ठरवून घ्यावा लागतो. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90, असं लिहूनच ठेवलेलं असतं. याच्या दुसऱ्या टोकाला म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतलं 'मे ऑर मे नॉट बी सस्टेन्ड', म्हणजे आधीची कामगिरी पुढे टिकेल किंवा टिकणार नाही. व्याकरण निर्दोष, माहिती शून्य.

त्या मुलाने मागच्या महिन्यात दुसऱ्या लॉटची मेल पाठवण्याआधी मला वाचून दाखवली: 'द गुड्स शुड रीच यू ऑन ट्यूसडे, बट दे माइट स्लिप टू वेन्सडे इफ द प्लेटिंग इज डिलेड.' मी एक अक्षरही बदललं नाही. गिऱ्हाइकाचं उत्तर दोन शब्दांचं होतं: 'क्रेन वेन्सडे.'