दोन देशांचं शॉर्ट टर्म कर्ज ताडून बघायचंय? मग एवढं करून या

शनिवारी कॉलेज रोडला आपण थायलंड आणि मलेशिया शेजारी शेजारी मांडून बघणार आहोत, आकडे जून १९९७ अखेरचे, म्हणजे २ जुलैला थायलंडने आपलं चलन बाहत बाजारभावावर मोकळं सोडलं त्याच्या अगदी तोंडावरचे, तेव्हा तयारी करूनच या, तिथे येऊन टेबलं शोधत बसलो तर सगळा वेळ त्यातच जाणार.

सगळ्यात आधी शॉर्ट टर्म म्हणजे काय ते वहीत लिहून आणा, हे नीटच करा कारण घोळ इथेच होतो. दिंडोरीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराने पाच वर्षांच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतला, चार वर्षं फेडलं, आता शेवटच्या वर्षाचे हप्ते राहिलेत, तर हे कर्ज लांब मुदतीचं की वर्षाचं? कागदावर पाच वर्षांचं, पण पैसे तर येत्या बारा महिन्यांतच भरायचेत ना! देशाचंही तेच, मूळ मुदत धरली की एक आकडा, शिल्लक मुदत धरली की दुसरा. बासेलची बीआयएस (बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स), जी जगभरच्या बँकांनी कुठल्या देशाला किती दिलंय ते गोळा करते, ती शिल्लक मुदत धरते, म्हणून दोन्ही देश तिच्याच टेबलातून घ्या, एक इथून आणि एक वर्ल्ड बँकेकडून असं अजिबात नको.

तारीखही एकच पाहिजे, तेव्हा आकडे सहामाही यायचे, आता तिमाही येतात. आणि हे फक्त बँकांचं येणं आहे, बाँड फंडांनी घेतलेले रोखे किंवा माल पुरवणाऱ्याने दिलेली उधारी यात नाही, एवढं कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता आकडे. थायलंडचं एकूण देणं सुमारे ६९ अब्ज डॉलर, त्यातलं वर्षभरात फेडायचं साधारण ४५. मलेशियाचं एकूण २९ च्या आसपास, त्यातलं १६. नुसतं हे बघून थांबू नका, खाली परकीय चलनाची गंगाजळी मांडा, थायलंडची सुमारे ३१ आणि मलेशियाची २६ च्या वर, मग वर्षभराच्या देण्याला गंगाजळीने भागा, थायलंड दीडपटीकडे जातो आणि मलेशिया एकाच्या खूप खाली राहतो. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या भागाकारात आहे, वर्षभराचं देणं हातातल्या डॉलरमधून निघतं का, एवढंच विचारायचं असतं.

त्यातही ३१ वर भरवसा ठेवू नका! बाहत सावरायला थाई सेंट्रल बँकेने फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, २० अब्जांहून जास्त डॉलर द्यायचे कबूल केले होते, म्हणजे खर्चायला हातात फारच थोडे उरले होते. थायलंडने एवढं कमी मुदतीचं का उचललं हे समजायला १९९३ ला सुरू झालेल्या बँकॉक इंटरनॅशनल बँकिंग फॅसिलिटीबद्दल वाचून या, त्या वाटेने बँका बाहेरून स्वस्त डॉलर आणून देशात कर्ज द्यायच्या, आणि बाहत डॉलरला जवळपास बांधलेला असल्याने घसरणीची भीती कुणी फारशी धरलीच नाही.

लॅपटॉप कुणा एकाचा पुरे, कॅल्क्युलेटर मोबाईलवर आहेच. मलेशियाचा रेशो एवढा बरा होता तरी त्यांचं चलन रिंगिट पडलाच आणि सप्टेंबर १९९८ मध्ये त्यांना भांडवलावर निर्बंध घालून डॉलरला ३.८० वर तो बांधावा लागला, ते का झालं यावर प्रत्येकाने चार ओळी स्वतःच्या लिहून आणा, शेअर बाजारात आलेला परदेशी पैसा या टेबलात कुठे दिसतो का ते आधी तपासून.