सारख्या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांतून नेमकं क्रियापद कसं निवडावं?

'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक'. शब्दकोशात या चारही शब्दांपुढे थोड्याफार फरकाने बोलणे, सांगणे, म्हणणे हेच अर्थ सापडतात. मग वाक्यात यातलं कोणतं घ्यायचं? नुसते अर्थ घोकून हे सुटत नाही. क्रियापदाला कोणाची सोबत लागते, ते बघायची सवय लावावी लागते.

पायरी १ : क्रियापदाच्या लगेच पुढे काय येतं ते तपासा.
'टेल'ला ज्याला सांगायचं ती व्यक्ती लगेच लागते : 'शी टोल्ड मी'. 'से'च्या पुढे बोललेली गोष्ट येते. व्यक्ती आणायचीच असेल तर मध्ये 'टु' हवा : 'शी सेड टु मी'. 'शी सेड मी' शिकणाऱ्यांच्या तोंडी सर्रास येतं, पण ते चूकच आहे. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ स्टोरी' यांत मात्र व्यक्ती नसली तरी चालते. हे शब्दसमूह आख्खेच पाठ करा. भाषेचं नाव आलं की 'स्पीक' : 'आय स्पीक मराठी'.

पायरी २ : आधी मराठीला विचारा.
मराठी आड येते असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही, कारण कितीतरी जोड्या मराठीच सोडवून देते. किमती वाढतात तेव्हा 'राइज', कोणी त्या वाढवतं तेव्हा 'रेज'. आठवणे म्हणजे 'रिमेंबर', आठवण करून देणे म्हणजे 'रिमाइंड'. उसनं घेताना 'बॉरो', देताना 'लेन्ड'. मनातलं वाक्य मराठीत नीट म्हणून बघितलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

'सी', 'लुक', 'वॉच' यांचंही तसंच. तिन्हींना 'बघणे' म्हटलं की घोळ होतो. पक्षी दिसला, तर 'सी'. मुद्दाम फोटोकडे नजर वळवली, तर 'लुक', आणि त्यापुढे 'अ‍ॅट'. सामन्यासारखं हलतं, बदलतं काही थोडा वेळ लक्ष देऊन बघितलं, तर 'वॉच'. ऐकू येणे आणि लक्ष देऊन ऐकणे हाच फरक 'हिअर' आणि 'लिसन टु' यांच्यात आहे.

पायरी ३ : मराठी जिथे एकाच शब्दावर भागवते, तिथे जोड्या लिहून ठेवा.
'करणे'साठी 'डू' आणि 'मेक' आहेत. नवं काही तयार होतं तिथे 'मेक', हा नियम थोडाच वेळ साथ देतो. 'डू होमवर्क', 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ फोन कॉल', 'डू अ फेवर' या जोड्या वहीतच उतरवलेल्या बऱ्या. दिवा 'क्लोज' करायचा नाही, 'टर्न ऑफ' करायचा.

पायरी ४ : प्रसंग बघा.
१०६६ साली इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांची सत्ता आली आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच शब्दांची भर पडत गेली. म्हणून 'बाय'शेजारी 'पर्चेस' आणि 'बिगिन'शेजारी 'कमेन्स' दिसतो. यातले मूळचे छोटे शब्द रोजच्या बोलण्यातले, फ्रेंचमधून आलेले औपचारिक लिखाणातले. गप्पांत 'कमेन्स' कानाला खटकतो. शंका असेल तेव्हा छोटा शब्द घ्या.

पायरी ५ : शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात उदाहरणं वाचा.
तिथे क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, तेही दिलेलं असतं. 'डिस्कस' सकर्मक आहे, म्हणून 'वी डिस्कस्ड द प्लॅन'. मध्ये 'अबाउट' नको. 'टॉक' वापरलात तर मात्र तोच 'अबाउट' हवा.