खानदेशातल्या लहान शहरात नव्याने राहायला येताना: घर शोधणे, भाडे ठरवणे आणि प्लॉट घेणे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत घरभाडे आणि प्लॉटचे भाव ज्या वेगाने चढत आहेत, त्या वेगाने तिथल्या माणसांची कमाई वाढलेली नाही. मागणी मात्र खरी आहे. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांमुळे बदलीवर येणारी कुटुंबे पूर्वीपासून आहेत. जळगावचे विद्यापीठ, जळगाव व नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि शिरपूरच्या शिक्षणसंस्था यांमुळे विद्यार्थी व प्राध्यापक येतात. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे मुलांच्या शाळेसाठी आणि क्लाससाठी तालुक्याला बिऱ्हाड करतात, आणि सुरत-उधन्यात उमेदीची वर्षे काढलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे निवृत्तीच्या वेळी गावाकडे, पण शेतात नव्हे तर शहरात, घर पाहू लागतात. त्यातच मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिल्यापासून धुळे-शिरपूर पट्ट्यात जमिनीच्या बोलण्याला वेगळाच जोर आला आहे.

लहान शहरात भाड्याचा दर कुठे छापलेला नसतो. तो ऐकीव असतो. एखाद्या गल्लीत बाहेरून आलेला माणूस घाईने जे भाडे कबूल करतो, तोच पुढे त्या गल्लीचा दर होऊन बसतो, आणि त्याचा पहिला फटका शेजारच्या खोलीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या हमालाला, शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा दुकानातल्या नोकराला बसतो. म्हणून रास्त भाव काढून, कागद नीट करून आणि घाई न करता घर घेणे यात नवख्याचे जेवढे हित आहे, तेवढेच त्या गावाचेही आहे.

दर कसा काढावा

एजंटाकडे जाण्याआधी ज्या भागात राहायचे आहे त्या भागात सकाळ-संध्याकाळ पायी फिरावे. किराणा दुकानदार, दूधवाला, इस्त्रीवाला आणि शाळेतले शिक्षक यांना कोणते घर रिकामे होणार आहे हे एजंटाच्या आधी कळते. भाडे विचारताना घरमालकाला न विचारता तिथे आज राहणाऱ्या भाडेकरूला विचारावे, आणि एकालाच नव्हे तर निदान तिघा-चौघांना विचारावे. केव्हापासून राहता आणि किती देता, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. जुन्या भाडेकरूचे भाडे आणि नव्याला सांगितलेले भाडे यांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. पण सारख्याच दोन खोल्यांसाठी तो दीडपट-दुप्पट असेल, तर तो दर आपल्याकडे पाहून सांगितला गेला आहे असे समजावे.

वेळही महत्त्वाची आहे. शेतीतल्या सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, वर्ष जसे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलते, तसे शहरातल्या भाड्याचे वर्ष मे-जूनमध्ये, शाळा-कॉलेजच्या तोंडावर बदलते. त्या दोन महिन्यांत घरमालकाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी दिवाळीनंतर घर पाहावे; आणि ज्यांना बदलीमुळे जूनमध्येच यावे लागते, त्यांनी पहिले एक-दोन महिने सहकाऱ्याकडे, वसतिगृहात किंवा एखाद्या खोलीत काढण्याची तयारी ठेवावी. दारात सामानाचा ट्रक उभा असताना केलेली बोलणी कधीच आपल्या बाजूने होत नाहीत.

पाणी, उन्हाळा आणि काळी माती

घर पाहताना भिंतींच्या रंगापेक्षा पाण्याकडे आधी पाहावे. खानदेशातल्या कित्येक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. काही ठिकाणी मधले अंतर बरेच मोठे असते आणि उन्हाळ्यात ते आणखी वाढते. म्हणून ‘पाण्याची सोय आहे’ या उत्तरावर थांबू नये. नळ कितव्या दिवशी येतो, किती वेळ चालतो, जमिनीखाली टाकी आहे का आणि गच्चीवरची टाकी किती बिऱ्हाडांत वाटली जाते, हे एकेक करून विचारावे आणि मग साधा हिशेब मांडावा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरला जातो. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर लागतात, आणि नळ दर पाचव्या दिवशी येत असेल तर दोन पाण्यांच्या मध्ये २,७०० लिटरची साठवण हवी. काटकसरीने निम्म्यात भागवले तरी तीन बिऱ्हाडांत मिळून एक हजार लिटरची टाकी पुरणार नाही, हे उघड आहे. मग टँकर येतो, आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेले नसतात. कमी भाड्याचे पण पाण्याची टंचाई असलेले घर वर्षअखेरीस महाग पडते.

शक्य असेल तर ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी घर पाहायला जावे. सगळ्या गल्लीत एकाच वेळी पाणी ओढणाऱ्या मोटारी सुरू होतात, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात तेव्हा नळाखाली बादली ठेवली तर ती किती वेळात भरते हे डोळ्यांनी दिसते. बोअरवेल असेल तर पाणी चाखून पाहावे आणि न्हाणीघरातल्या तोटीवर, फरशीवर पांढरा क्षार साचला आहे का ते पाहावे. एप्रिल-मेमध्ये बोअर आटते का, हे मालकाला नव्हे, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. वरचा मजला, पश्चिमेची भिंत आणि एकच खिडकी अशी खोली हिवाळ्यात कितीही छान वाटली तरी तिचे भाडे खालच्या मजल्याइतके असू नये, आणि ते कमी करून मागण्यात संकोच करू नये. कूलर बसवायला बाहेरच्या बाजूची खिडकी आहे का, त्याखाली कोणाचा रस्ता किंवा दार येते का, हे पाहून घ्यावे. कूलरचे पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर गळते म्हणून सुरू झालेली भांडणे अनेक गल्ल्यांत आहेत. कूलर पाणीही भरपूर पितो. तेव्हा वरच्या हिशेबात उन्हाळ्याचे चार महिने वेगळे धरावेत.

गावाबाहेरच्या नव्या प्लॉट भागात घर पाहत असाल, तर तिसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया कमी खोल घेतलेल्या घराच्या भिंतींना दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. नुकताच रंग दिलेला असला तरी त्या चिरा हाताला लागतात. रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा नसेल तर पावसाळ्यात दुचाकी घरापर्यंत पोहोचत नाही आणि शाळेची रिक्षा कोपऱ्यावरच थांबते.

करार

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे इतका पसरला आहे की शिकलेली माणसेही पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळी होतात. महाराष्ट्रात हे बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याच्या परवान्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहणारा माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. म्हणजे नोंदणी ही दोघांच्याही सोयीची आहे, आणि मालकाला हे शांतपणे समजावून सांगितले तर बहुतेक जण तयार होतात.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के असते. भाडे ८,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि अनामत २५,००० रुपये असेल, तर हे शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये आहे, आणि हे सर्व घरबसल्या ऑनलाइनही होते. दोघांनी निम्मे-निम्मे भरावे.

करारात काय लिहून घ्यावे याबाबत आग्रही राहावे. मुदत वाढवताना भाडे किती टक्क्यांनी वाढेल, टँकरचा खर्च कोणाचा, विजेचे मीटर स्वतंत्र आहे की सब-मीटर आणि सब-मीटर असल्यास युनिटचा दर कोणता, घर सोडताना रंगाचे पैसे कापले जातील का, अनामत किती दिवसांत परत मिळेल: हे सगळे वाद नंतर होतात, म्हणून ते आधी लिहावे. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग, नळ, पंखे आणि भिंतींचे फोटो काढून मालकाला मोबाइलवर पाठवून ठेवावेत. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात सुचवले आहे. तो नमुना कायदा स्वतःहून आपल्याला लागू होत नाही, पण बोलणी करताना त्याचा आधार जरूर घ्यावा. भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवली गेली आहे याची खात्री करावी.

घरमालकांसाठी इथेच दोन गोष्टी सांगायला हव्यात. चार महिने घर रिकामे ठेवून हजार रुपये जास्त मिळवण्यापेक्षा वेळेवर भाडे देणारे कुटुंब टिकवणे हिशेबाने फायद्याचे असते, कारण ८,००० रुपयांच्या घराचे चार महिन्यांचे रिकामेपण भरून काढायला तो वाढीव हजार बत्तीस महिने मिळावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आडनाव, जात, धर्म किंवा ताटातले अन्न विचारून घर नाकारण्याची रीत आपल्या शहरांत आहे, आणि तिचा सर्वांत जास्त त्रास नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याकडून शिकायला आलेल्या आदिवासी मुला-मुलींना होतो. चार ठिकाणी नकार ऐकलेली मुले पाचव्या ठिकाणी मागतील ते भाडे देतात. हा अन्याय आहे, आणि तो थांबवणे प्रत्येक घरमालकाच्या हातात आहे.

प्लॉट किंवा घर विकत घेताना

आल्या आल्या प्लॉट घेऊ नये. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहावे, म्हणजे कोणत्या भागात पाणी येते आणि कोणत्या भागात साचते हे कळते. ‘रेल्वे इथूनच जाणार आहे’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या प्लॉटबाबत तर विशेष सावध राहावे. मार्गाच्या जवळची जमीन संपादनातही जाऊ शकते, आणि स्टेशनची जागा विक्रेत्याच्या नकाशावरून ठरत नाही.

कागदांत पहिला सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तेव्हा विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर अवलंबून राहू नये. त्यात तीन जागा सावकाश वाचाव्यात. भोगवटादार (जमीनधारक) वर्ग १ आहे की २, हे पाहावे. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज, कुळाचे नाव किंवा हस्तांतरणावरचे निर्बंध लिहिलेले असतात. आणि पिकांच्या रकान्यात कापूस किंवा ज्वारी दिसत असेल, तर ‘एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट’ हे तोंडी आश्वासन तिथेच संपते. बिगरशेती आदेश आणि मंजूर ले-आऊट पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, आणि जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातले गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार अडकतात. या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत. आपल्या प्लॉटला त्या लागू आहेत का, हे एजंटाकडून नव्हे, तहसील कार्यालयातून समजून घ्यावे.

नंदुरबार जिल्ह्यात, तसेच साक्रीच्या आदिवासी भागात आणि शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेरच्या सातपुड्याकडच्या भागात आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीला विकायची असल्यास शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुखत्यारपत्र किंवा नोटरीच्या कागदावर झालेला असा व्यवहार टिकत नाही, आणि तो टिकू नये हेच योग्य आहे. ज्यांच्या हातून आधीच बरीच जमीन गेली, त्यांच्यासाठी हे संरक्षण आहे.

बिल्डरचा ले-आऊट किंवा इमारत ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि त्यातली घरे किंवा प्लॉट आठांहून अधिक असतील, तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागावा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणे बिल्डरला कायद्याने मना आहे. कर्जाची गरज नसली तरी त्या प्लॉटवर कर्ज मिळेल का, हे एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावे. जिथे बँक मागे सरते, तिथे कागदात काही ना काही अडचण असते. घर पत्नीच्या, आईच्या किंवा बहिणीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते.

खरेदीखत झाले की काम संपले असे मानून कित्येक जण थांबतात. दस्तानंतर फेरफार नोंद (मालकी बदलल्याची सरकारी नोंद) झाली का आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागले का, हे तलाठी कार्यालयात किंवा नगर भूमापन कार्यालयात पाठपुरावा करून पाहावे, घरपट्टी आपल्या नावावर करून घ्यावी, आणि कुंपण घालण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा सिमेंटमध्ये पक्क्या बसवाव्यात, कारण काळ्या मातीत नुसते रोवलेले दगड दोन-तीन पावसाळ्यांत कलतात किंवा नांगराखाली जातात.